एकच शब्द, दोन शेतं : ‘ऋषी-शेती’ वर्ध्याहून होशंगाबादला कशी गेली?

पीएचडीचा विषय काय असं कोणी विचारलं, तर मी सांगते : धार्मिक आणि आध्यात्मिक समुदायांनी केलेली शेती. त्यावर बहुतेक जण म्हणतात, “अच्छा, म्हणजे सेंद्रिय शेतीचा इतिहास!” मी मान डोलावते, कारण चहाच्या टपरीवर एवढंच शक्य असतं. पण ते तितकंसं बरोबर नाही. आज जरा सविस्तर सांगते.

शाश्वत शेतीचा इतिहास आपण साधारणपणे तंत्राचा इतिहास म्हणून वाचतो. कंपोस्ट कोणी शोधलं, नांगरणी थांबवा असं आधी कोण म्हणालं, जीवामृत कुठून आलं. या पद्धतीने लिहिलेल्या इतिहासात एक गंमत होते. हे प्रयोग जिथे झाले ती ठिकाणं, म्हणजे आश्रम, मठ, मिशनची केंद्रं, नुसती पार्श्वभूमी होऊन बसतात. तिथली प्रार्थना, तिथली भांडी घासायची पाळी, तिथला पैशाचा हिशोब हे सगळं ‘शेतीशी संबंध नसलेलं’ म्हणून गळून जातं. माझ्या प्रबंधाचं म्हणणं असं की तेच गळलेलं परत आणल्याशिवाय शेतीचं काय झालं हे कळत नाही. म्हणून मी प्रत्येक ठिकाणाला तीन साधे प्रश्न विचारते : इथे राबतं कोण? जेवतं कोण? आणि टिकून राहतं कोण?

मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच विद्यार्थी एक भाड्याची गाडी करून वर्ध्याहून मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गेलो. (होशंगाबादचं नाव २०२२ पासून नर्मदापुरम झालं आहे, जुनी कागदपत्रं सगळी होशंगाबादच्या नावाने असल्यामुळे मी तेच वापरते.) सेवाग्राम, पवनार, सेलडोह, मग नागपूर, सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी. या रस्त्यावर गांधींचा आश्रम आहे, विनोबांचा आहे, एका ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाचं शेत होतं, आणि शेवटी क्वेकर पंथाचं केंद्र आहे. पाच जणांत एक मृदाशास्त्रवाला होता, आणि एक यवतमाळचा, ज्याच्या घरी कापूस आहे. या दुसऱ्या मित्राने सगळ्यांत अडचणीचे प्रश्न विचारले. ते पुढे येतीलच.

सेवाग्राम : खत कोणी वाहायचं?

गांधी १९३६ साली शेगावात राहायला आले. पुढे १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. पण एकत्र राहून, एकत्र राबून शेती करायची ही त्यांची सवय त्याच्या खूप आधीची, आणि तिची एक मुळी एका ख्रिस्ती मठापर्यंत जाते.

दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात मारियानहिल नावाचा ट्रॅपिस्ट साधूंचा मठ १८८२ मध्ये सुरू झाला. ट्रॅपिस्ट म्हणजे मौन पाळणारे, हाताने काम करणारे कॅथलिक संन्यासी. गांधी तिथे गेले आणि १८९५ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. शाकाहार, मौन, लोहारकाम, सुतारकाम, चांभारकाम, छपाई, सगळं एका कुंपणात. काळ्या लोकांशी तिथे वेगळं वागत नाहीत याचंही त्यांना कौतुक वाटलं. त्यानंतर १९०४ मध्ये डरबनजवळ फिनिक्स : १०० एकर जमीन, आणि छापखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला, हुद्दा कोणताही असो, महिन्याला तीन पौंड. मग १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म : हर्मन कॅलनबाख या ज्यू वास्तुविशारद मित्राने सत्याग्रही कुटुंबांसाठी मोफत वापरायला दिलेली ११०० एकर जमीन. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी एका पंगतीत. चपला बनवायला कॅलनबाख शिकले ते त्याच मारियानहिलच्या साधूंकडून, आणि त्यांच्याकडून गांधी.

टॉलस्टॉय फार्मवर एक गोष्ट ठरली ती आयुष्यभर राहिली : मैला खड्ड्यात पुरायचा, त्याचं खत करायचं, आणि हे काम सगळ्यांनी करायचं. आता इथे तंत्राचा इतिहास आणि समुदायाचा इतिहास यांतला फरक नीट दिसतो.

तंत्राच्या बाजूने पाहिलं तर नायक आहेत अल्बर्ट हॉवर्ड. इंदूरला १९२४ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत त्यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख यांचे थर, ठरावीक दिवसांनी उलथापालथ, साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. गांधींनी १९३५ मध्ये इंदूरला जाऊन ही संस्था पाहिली आणि ‘हरिजन’मधून या पद्धतीचा प्रचार केला. आज जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत हॉवर्ड पहिल्या प्रकरणात असतात, आणि ते योग्यच आहे.

पण त्याच वर्षी वर्ध्याजवळच्या सिंदी गावात काय चाललं होतं ते बघा. गांधींचे सहकारी रोज सकाळी बादल्या घेऊन जायचे, रस्त्यावरचा मैला गोळा करायचे. महादेवभाई देसाईंनी त्याबद्दल ‘हरिजन’मध्ये लिहिलंय. गावकरी बघत राहायचे. दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा तसाच. खत कसं करायचं हे तंत्र हातात होतं. आश्रमाच्या कुंपणात ते चालतही होतं, कारण तिथे पाळी सगळ्यांवर यायची. कुंपणाबाहेर मात्र ‘हे काम कोणाचं’ याचं उत्तर जातीने आधीच देऊन ठेवलं होतं.

हा पेच सगळ्यांत आधी ज्यांना स्पष्ट दिसला त्यांत मी अप्पासाहेब पटवर्धनांना धरते. ‘कोकणचे गांधी’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास, सोनखत आणि मेलेल्या जनावरांचं चामडं यांवर काम केलं. त्यांच्याकडे खताचा विषय आणि अस्पृश्यतेचा विषय असे दोन कप्पे नव्हतेच. कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या माणसाने भंगीकाम हाती घेणं हाच त्या खताच्या कृतीचा पहिला टप्पा होता.

पवनार : बैल नको, पैसा नको

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात धाम नदीचा पूल येतो आणि काठावर पवनारचा आश्रम. विनोबा १९३८ मध्ये तब्येतीच्या कारणाने इथे आले. जागा जमनालाल बजाजांची. शेतात खणताना सापडलेली भरत-रामाच्या भेटीची मूर्ती अजून तिथे आहे.

१९५० च्या सुमारास विनोबांनी इथे ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग सुरू केला. कांचनमुक्ती म्हणजे पैशावाचून जगणं : देणगी घ्यायची नाही, धान्य-भाजी आपण पिकवायची, कापड आपण कातायचं-विणायचं. बाहेरून कोणी मदत करायचीच म्हटलं तर त्याने श्रम द्यावेत. शेतीही बैलांवाचून, कुदळ-फावड्याने. विहिरीचा रहाटसुद्धा माणसांनीच फिरवायचा. शिकलेली, कॉलेजातून आलेली पोरं आळीपाळीने रहाट ओढत होती.

या शेतीला विनोबांनी नाव दिलं ‘ऋषी-शेती’. त्यांची विभागणी मोठी मजेशीर आहे : हाताने केलेली ती ऋषी-शेती, बैलाने केलेली ती ऋषभ-शेती (ऋषभ म्हणजे बैल), आणि ट्रॅक्टरची ती इंजिन-शेती. विनोबांना शब्दांशी खेळायला आवडायचं हे तर आहेच, पण या खेळात एक हिशोब दडलाय. ज्याच्याकडे बैलजोडी नाही त्याने शेती करायची की नाही? कुदळीने पोट भरेल एवढं पिकवता येतं हे कोणी तरी करून दाखवलं, तर भूमिहीन माणसाला जमीन द्या म्हणायला आधार मिळतो.

पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मार्च १९५१ मध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी ८० एकर मागितले आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले. भूदान सुरू झालं. विनोबा पवनारला परतले ते तेरा वर्षांनी, १९६४ मध्ये.

भूदानावर ढीगभर लिहिलं गेलंय. त्याच्या आधीच्या त्या वर्षभराच्या शेतीवर मात्र फार कमी. मला वाटतं भूदान त्या रहाटाशेजारूनच निघालं. श्रमाची शेती तर जमली, पण ती उभी होती एका दानशूर माणसाच्या जमिनीवर. अशी जमीन ज्याला मिळालेली नाही त्याचं काय, हा त्यापुढचा प्रश्न होता.

गाडीत यवतमाळच्या मित्राने नेमकं इथेच बोट ठेवलं. “या सगळ्यांना जमीन फुकट मिळाली होती. सेवाग्रामची बजाजांची, टॉलस्टॉयची त्या कॅलनबाखची. यांच्या डोक्यावर ना सावकार, ना सोसायटीचं कर्ज, ना पोरीचं लग्न. माझ्या बापाने काय शिकायचं यांच्याकडून?” हा प्रश्न मी प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात घेतलाय, कारण तो टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिताच येत नाही.

१९५९ मध्ये विनोबांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. स्त्रियांनी सामूहिक साधना करायची, शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई स्वतः करायची, आणि निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसंमतीने घ्यायचे. एकीचा जरी नकार असेल तरी थांबायचं. ‘मैत्री’ हे त्यांचं हिंदी मासिक. ‘सर्वसंमती’ हा शब्द लक्षात ठेवा, तो होशंगाबादला पुन्हा भेटणार आहे.

सेलडोह : ख्रिस्ती माणसाचं ‘शाश्वत’

पवनारहून नागपूरकडे जाताना सेलडोह लागतं. इथे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जे. सी. कुमारप्पांनी शेतीचं काम मांडलं होतं, पन्नई आश्रम. कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती, लंडनला हिशेबनीस झालेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांनी वर्ध्यातून पाहिला.

आज आपण ‘सस्टेनेबल’ला ‘शाश्वत’ म्हणतो. कुमारप्पांनी १९४५ मध्येच ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिलं, तेही जबलपूरच्या तुरुंगात. निसर्गातले व्यवहार कोणत्या प्रकारचे असतात, दुसऱ्याला खाऊन जगणारे की दुसऱ्याला देऊन जगणारे, अशी प्रतवारी करून ते माणसाच्या अर्थव्यवहारापर्यंत येतात. जवळपास त्याच सुमाराला त्यांनी येशूच्या शिकवणुकीवरही पुस्तक लिहिलं. अर्थशास्त्राचे अभ्यासक एक पुस्तक वाचतात, धर्माचे अभ्यासक दुसरं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की कळतं, त्यांच्या लेखी हा एकच विषय होता.

सेलडोहचा प्रयोग फार चालला नाही. कुमारप्पांची तब्येत ढासळली, ते तमिळनाडूत कल्लुपट्टीला गेले आणि ३० जानेवारी १९६० रोजी वारले. माझ्या तिसऱ्या प्रश्नाच्या, म्हणजे ‘टिकून राहतं कोण’च्या दृष्टीने सेलडोह महत्त्वाचं आहे. विचार पक्का होता, माणूस तर अव्वल होता, पण त्याच्याभोवती रोज एकत्र बसणारा, एकत्र जेवणारा गट उभा राहिला नाही. एका माणसाबरोबर शेत गेलं.

सातपुडा ओलांडून

नागपूरहून होशंगाबाद जवळपास तीनशे किलोमीटर. पांढुर्ण्यापर्यंत संत्र्याच्या बागा आणि मराठी दोन्ही सोबत करतात. मुलताईला तापीचा उगम. तिथून बैतूल, मग सातपुड्याची वळणं, आणि इटारसीच्या अलीकडे एकदम सपाट, काळी, ओली जमीन. ही तवा धरणाच्या कालव्यांखालची जमीन आहे. धरण १९७० च्या दशकात झालं आणि लवकरच शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की आपल्या भारी काळ्या मातीत कालव्याचं पाणी मुरत नाही, साचतं. १९७७ मध्ये इथे ‘मिट्टी बचाओ’ आंदोलन झालं. त्याचे एक पुढारी होते बनवारीलाल चौधरी, गांधीवादी कृषितज्ज्ञ. चौधरी आधी काम करत होते ते आमच्या शेवटच्या मुक्कामावर, रसुलियाला.

रसुलिया : मौनात बसणारे लोक

आधी क्वेकर म्हणजे कोण ते थोडक्यात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती उभा राहिलेला हा ख्रिस्ती पंथ. अधिकृत नाव सोसायटी ऑफ फ्रेंड्स. यांच्याकडे पुरोहित नाही. उपासना म्हणजे सगळ्यांनी गोल करून शांत बसायचं. आतून कोणाला बोलावंसं वाटलं तर त्याने उठून बोलायचं. संस्थेचे निर्णयही तसेच, मतदान न करता. सभेचा कल एका दिशेने स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि मग तो नोंदवायचा. पवनारची सर्वसंमती आठवली ना? विनोबाही सर्वधर्मीयांना चालेल अशी एकच प्रार्थना म्हणून मौन प्रार्थनेचा आग्रह धरायचे. दोन परंपरा वेगळ्या वाटांनी एकाच सवयीपर्यंत आल्या होत्या.

क्वेकर मिशन होशंगाबादला आलं १८७० च्या दशकात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडले, तेव्हा अनाथ झालेली मुलं मिशनने सांभाळली. गावाबाहेर रसुलियाला सुतारकामासारखे धंदे शिकवणारी उद्योगशाळा होती. १९३० च्या दशकात हिल्डा कॅशमोर या इंग्लंडमधल्या समाजसेवेतून आलेल्या बाईंनी तिथे नव्या धर्तीचं केंद्र उभारलं. आता उद्देश धर्मांतराचा नव्हता, गावाच्या कामाचा होता. डोनाल्ड ग्रूम हे क्वेकर कार्यकर्ते तिथून निघून भूदानात विनोबांबरोबर चालले. मार्जरी साइक्स १९५० च्या दशकात सेवाग्रामला नई तालीमचे शिक्षक घडवत होत्या आणि १९८० च्या दशकात रसुलियाला राहत होत्या. भारतातल्या क्वेकरांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. वर्धा आणि होशंगाबाद यांच्यातला रस्ता असा माणसांनी आधीच मळवून ठेवला होता. (१९७२ मध्ये सोळा शाळांपासून सुरू झालेल्या प्रसिद्ध ‘होशंगाबाद विज्ञान’ कार्यक्रमातही रसुलियाचा वाटा होता. त्यावर पुन्हा कधी तरी.)

१९७८ च्या सुमारास मानववंशशास्त्राचे अभ्यासक प्रताप अगरवाल या केंद्राचे प्रमुख झाले. तोवर केंद्राची शेती आसपासच्यांसारखीच झालेली होती : सुधारित बियाणं, रासायनिक खत, यंत्रं. त्याच वर्षी जपानच्या मासानोबू फुकुओकांचं ‘एका काडातून क्रांती’ इंग्रजीत आलं. नांगरणी नाही, रासायनिक खत नाही की मुद्दाम केलेलं कंपोस्टही नाही, निंदणी नाही, औषध नाही. पेंढा शेतातच पसरायचा आणि बी त्यात टाकायचं. रसुलियाने पायरीपायरीने एकेक गोष्ट सोडली आणि शेवटी नांगरही सोडला. फुकुओकांच्या पुस्तकाची भारतीय आवृत्तीही रसुलियाहून निघाली. खुद्द फुकुओका १९८८ मध्ये होशंगाबादला येऊन गेले.

आणि या शेतीला नाव काय दिलं? ऋषी-खेती.

शब्द तोच, अर्थ उलटा

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नुसता नावाचा योगायोग वाटला नाही, आणि माझ्या प्रबंधाचं मधलं प्रकरण त्यावरच उभं आहे. दोन्ही ऋषी-शेतींत बैल नाही, इंजिन नाही, विकतचं खत नाही. कृषी खात्याच्या तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात बसतील. पण श्रमाकडे बघण्याची नजर पूर्ण उलटी आहे.

पवनारच्या ऋषी-शेतीत श्रम हीच साधना. काम करता करता देव भेटतो ही कल्पना आपल्याला परकी नाही; अरणच्या सावता माळ्यांपासून ती आपल्या ओळखीची आहे. तिथे कुदळ मारणं कमी करायचं नव्हतं, ते सगळ्यांच्या वाट्याला यायला हवं होतं. रसुलियाच्या ऋषी-शेतीत माणसाने हात आवरता घ्यायचा. जमीन आपलं आपण बघते, आपण मध्ये मध्ये करू नये, हीच नम्रता. एकीकडे घाम गाळून अहंकार घालवायचा, दुसरीकडे थांबून.

आता पहिला प्रश्न लावा : राबतं कोण? पवनारला प्रार्थनेला बसणारे आणि रहाट ओढणारे तेच होते. रसुलियाला संस्था होती, विश्वस्त होते, पगारी माणसं होती. शांत सभेत बसणारे आणि शेतात वाकणारे सगळे एकच नव्हते. निंदणी-नांगरणी बंद झाली की मालकाचा खर्च वाचतो, हे खरं. पण निंदणीच्या मजुरीवर ज्या बाईचं घर चालतं तिच्यासाठी ‘काहीही न करणारी’ शेती म्हणजे गेलेला रोजगार. फुकुओकांच्या स्वतःच्या शेतावरही डोंगरातल्या झोपड्यांत राहून राबणारी तरुण मुलं होतीच. ती शिकायला आली होती, मजुरीला नाही. म्हणजे ‘काही न करणाऱ्या’ शेतीच्या आतही एक समुदाय होता, पुस्तकाबरोबर तो प्रवास करू शकला नाही एवढंच.

होशंगाबादजवळ खोजनपूरला राजू टायटस या क्वेकर कुटुंबातल्या शेतकऱ्याने ही ऋषी-खेती आपल्या शेतावर पंचवीसहून अधिक वर्षं केली. देशभरातून माणसं ती बघायला जात. घरची जमीन, घरची माणसं, घरचा विश्वास. शेतीतल्या पद्धती टिकवून धरणारा आपल्याकडचा सगळ्यांत जुना समुदाय शेवटी कुटुंबच, हेही यातून दिसतं.

मग आज याचं काय?

यवतमाळच्या मित्राच्या प्रश्नाकडे परत येते. त्याच्या वडिलांनी काय शिकायचं?

विदर्भाला नैसर्गिक शेती नवी नाही. ‘झिरो बजेट’वाले सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातलेच, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं जीवामृत आता खेडोपाडी माहीत आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान जाहीर केलं आणि एक कोटी शेतकऱ्यांचं लक्ष्य ठेवलं. म्हणजे तंत्र पोचवायची सोय होतेय. पण वर पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी तंत्राच्या खाली तीन गोष्टी होत्या. जमीन विकली जाण्याच्या किंवा जप्त होण्याच्या भीतीतून मोकळी होती. घाण आणि कष्टाचं काम कोणी करायचं हे आधी ठरवलं होतं. आणि माणसं रोज नाही तर आठवड्याला एकत्र बसत होती, मग ते भजनाला असो की मौनाला. पहिलं वर्ष पीक कमी आलं तर ती सोडून जात नव्हती, कारण ती मुळात पिकासाठी एकत्र आलेली नव्हती.

एकट्या शेतकऱ्याला या तिन्हींतलं काहीच मिळत नाही. त्याला फक्त कृती मिळते. पहिल्या दोन हंगामांत उत्पन्न घटलं की बँकेचा हप्ता थांबत नाही आणि शेजारी हसतो. मग तो परत युरियाकडे वळला तर त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणणं मला क्रूर वाटतं.

याला एक चांगला अपवाद आहे, आणि तो आश्रमातला नाही. आंध्र प्रदेशात नैसर्गिक शेतीचा सरकारी कार्यक्रम महिला बचत गटांच्या आधाराने पसरवला गेला. त्या बायका आधीच दर आठवड्याला भेटत होत्या, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहत होत्या. शेतीचं तंत्र त्यांच्या बैठकीत नंतर आलं. माझ्या दृष्टीने हा बचत गट म्हणजे पवनार आणि रसुलियाचा दूरचा नातेवाईक आहे, भले तिथे कोणी ऋषी हा शब्द उच्चारत नसेल.

महाराष्ट्रात काय आहे? बचत गट आहेत, गावोगावी भजनी मंडळं आहेत, दिंड्या आहेत. आषाढीला पेरण्या उरकून एकत्र चालणारी, एकत्र स्वयंपाक करणारी, वर्षानुवर्षं तीच माणसं असणारी दिंडी ही आपल्याकडची सगळ्यांत शिस्तबद्ध शेतकरी संघटना आहे असं माझं मत होत चाललंय. तिचा शेतीच्या पद्धतीशी कधी संबंध आला का, हा माझ्या कामाचा पुढचा भाग. तुमच्या गावातल्या दिंडीने किंवा भजनी मंडळाने कधी सामायिक बियाणं ठेवलं असेल, आजारी माणसाची पेरणी मिळून केली असेल, दुष्काळात चारा वाटून घेतला असेल, तर मला जरूर कळवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर आणखी चांगलं. अशा गोष्टी बहुधा कुठल्याच दप्तरात सापडत नाहीत.